जुन्या फिश टँकमध्ये चिमुकली ऑर्किड: पेटी, पंखा आणि वाफसा

माळ्यावर पडून असलेली दोन फुटी फिश टँक नखाएवढी फुलं देणाऱ्या ऑर्किडचं उत्तम घर होऊ शकते. ही झाडं दोन ते चार इंचांच्या पुढे फारशी वाढत नाहीत. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात बाल्कनीत जी आठवडाभर तग धरणार नाहीत, ती काचेआड वर्षानुवर्षं राहतात. नवशिक्याची फसगत मात्र एका ठिकाणी हमखास होते. काचपेटी म्हणजे दमटपणा असं समजून तो खच्चून मॉस भरतो, रोज दोनदा फवारतो, झाकण घट्ट लावतो आणि दोन महिन्यांत मुळं काळी पडतात.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओलही आहे आणि हवाही खेळते आहे अशी स्थिती, तीच या मुळांना हवी असते. फांदीवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळावर व्हेलामेन नावाचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चांदीसारखं पांढरट दिसतं. पाणी पडलं की बघता बघता ते पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. ही खूण नीट ओळखायला शिका, कारण पुढे पाण्याचा प्रत्येक निर्णय तिच्यावरच घ्यायचा आहे. काचेत दमटपणा टिकवणं सोपं असतं. हिरवं झालेलं मूळ तीन-चार तासांत पुन्हा पांढरं होईल अशी सोय करणं, हे खरं काम.

टाकी

24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 18 इंच उंच ही सुरुवातीला सोयीची मापं. यापेक्षा लहान बरणीत किंवा गोल बाउलमध्ये तापमान आणि ओलावा इतक्या झपाट्याने बदलतो की नवख्याला सांभाळणं जड जातं. टाकी थोडी झिरपत असली तरी चालते, पण तळाचा सांधा शाबूत हवा. तीन इंच पाणी भरून खाली वर्तमानपत्र अंथरा आणि 24 तास ठेवा. कागद ओला झाला तर तो सांधा खरवडून पुन्हा सिलिकॉन भरा. सिलिकॉन मत्स्यालयासाठी असलेलंच घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेलं असतं. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत, निदान 48 तास, टाकी उघडी ठेवा.

काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. साबण, फिनेल वापरू नका. माशांच्या औषधांमध्ये बऱ्याचदा तांबं असतं, म्हणून जुनी वाळू किंवा खडी धुऊन परत वापरण्याच्या मोहात पडू नका. ती फेकून द्या.

टाकीवर थेट ऊन पडेल अशी जागा नको. बंद काचेत ऊन शिरलं की अर्ध्या तासात आतलं तापमान चाळिशीपार जातं आणि पानं अक्षरशः शिजतात. खिडकीपासून दूर, पण प्लगजवळ ठेवा.

तळ

इथे माती येत नाही. तळात दोन इंच जाडीचा भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर द्या. रोपवाटिकांमध्ये त्या लेका नावाने मिळतात. या मापाच्या टाकीला साधारण 9 लिटर लागतात. नसतील तर विटांचे सुपारीएवढे तुकडे धुऊन वापरा. त्यावर प्लास्टिकची मच्छरजाळी अंथरा, आणि जाळीवर एक इंच नारळाच्या सोडणाचे तुकडे व थोडं मॉस. सोडणात मीठ असतं. ते आधी तीन दिवस भिजवा आणि दररोज पाणी बदला.

गोळ्या भरण्यापूर्वी मागच्या कोपऱ्यात एक इंची पीव्हीसी पाइपचा सहा इंचांचा तुकडा उभा करा. खालच्या टोकाला दोन-चार खाचा कापा आणि वरचं तोंड जाळीने झाका. तळात किती पाणी साचलं ते या पाइपमधून काडी घालून कळतं आणि मत्स्यालयाची बारीक नळी सोडून ते ओढून काढताही येतं. पाणी जाळीच्या अर्धा इंच खालीच राहिलं पाहिजे. जाळीला टेकलं की वरचं सोडण ते शोषून घेतं, कुजतं आणि पेटीला गटारासारखा वास सुटतो.

मागच्या भिंतीला काथ्याची चटई सिलिकॉनने चिकटवली की पेटी शोभते. पण झाडं त्या चटईवर लावू नका. सुरुवातीला प्रत्येक झाड स्वतंत्र लाकडाच्या तुकड्यावर बांधून आकड्याने टांगणं कधीही चांगलं. कीड लागली, जास्त पाणी झालं, जागा मानवली नाही, तर तेवढं एक झाड उचलून बाहेर काढता येतं. चिकटवलेलं झाड काढताना निम्मी मुळं भिंतीवरच राहतात.

झाकण आणि पंखा

टाकीच्या मागच्या काचेपासून तीन इंचांवर, डावीकडून उजवीकडे, एक ॲल्युमिनियमचा अँगल आडवा चिकटवा. त्याच्या पुढच्या भागावर 12 बाय 9 इंचांच्या दोन काचा ठेवा. जाडी 4 मिलिमीटर पुरते आणि कडा घासून घेतलेल्या हव्यात. मागच्या तीन इंचांच्या फटीवर स्टीलची बारीक जाळी बसवा. ही जाळी घट्टच हवी. आत साचलेलं पाणी आणि वर फट म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची सोय.

आता पंखा. खर्च कुठे वाचवायचा तो वाचवा, पण पंखा वगळू नका. कॉम्प्युटरमध्ये असतो तसा 80 मिलिमीटरचा, 12 व्होल्टचा पंखा घ्या आणि 5 व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालवा, म्हणजे तो हळू फिरतो. काही पंखे 5 व्होल्टवर सुरूच होत नाहीत. तसं झालं तर 9 व्होल्टचा अडॅप्टर लावा. अरुंद बाजूला, वरच्या कोपऱ्यात टांगा आणि हवा मागच्या भिंतीला समांतर जाईल असं तोंड ठेवा. झाडाच्या अंगावर थेट झोत नको. हा पंखा 24 तास चालतो, रात्रीसुद्धा. रात्री तापमान उतरतं, पानांवर दव धरतं आणि बुरशीला नेमकं तेच हवं असतं.

हवा कशी फिरते ते पाहायला झाडं लावण्याआधी अगरबत्तीचा धूर आत सोडा. धूर मागून जाऊन पुढच्या काचेवरून परत आला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तो घुटमळत राहिला तर पंख्याचा कोन बदला. पुढे रोपं कुजतात ती याच कोपऱ्यात.

अडॅप्टर पेटीच्या वर कधीही ठेवू नका. वायर प्लगमध्ये जाण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोळातून गळून जाईल आणि प्लगपर्यंत पोचणार नाही.

उजेड

दोन फुटी, 10 वॅटचे पांढरे एलईडी बॅटन दोन, रंग 6500 केल्विन. ते झाकणाच्या काचेवर दोन इंच उंच ठेवा, आत नको. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने अंदाज घ्या: वरच्या झाडांपाशी 8,000 ते 12,000 लक्स आणि तळाशी 2,000 ते 3,000 मिळाले की पुरे. कमी भरलं तर तिसरा बॅटन वाढवा. टायमर 12 तासांचा. हाताने चालू-बंद करायचं ठरवलंत तर आठवड्यातून दोनदा विसरालच.

पुढे पान स्वतःच सांगतं. गर्द हिरवं, लांबट आणि लुळं असेल तर उजेड कमी पडतोय. पिवळट, कडेने लालसर असेल तर जास्त होतोय. पोपटी हिरवं आणि ताठ असेल तर काही बदलू नका.

दोन आठवडे रिकामी पेटी

सगळं जोडून झालं की झाड न लावता पेटी दोन आठवडे चालवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण तीच सगळ्यात जास्त पैसे वाचवते. किमान-कमाल नोंदवणारा साधा डिजिटल मीटर आत ठेवा आणि रोजचे आकडे लिहा. आर्द्रता 70 ते 85 टक्के, दिवसा तापमान 24 ते 30 अंश, रात्री त्यापेक्षा चार-पाच अंश कमी, असं जमलं तर छान. पेटीच्या आत खोलीपेक्षा साधारण दोन-तीन अंश जास्त असतं, हे गृहीत धरा.

स्वस्त मीटरची आर्द्रता सरसकट चुकते. ती तपासायला घरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते ओलसर लगद्यासारखं होईल इतकंच पाणी घाला. बूच आणि मीटर एका झिपच्या पिशवीत हवाबंद करून आठ-दहा तास ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. मीटर 68 दाखवत असेल तर तो सात टक्के कमी दाखवतो, असं त्याच्यावर चिकटपट्टीने लिहून ठेवा.

नव्या लाकडावर या काळात कापसासारखी पांढरी बुरशी येते. घाबरू नका, लाकडातली साखर संपली की ती जाते. टूथब्रशने काढत राहा.

कोणती झाडं घ्यायची

इंटरनेटवर जी छायाचित्रं पाहून जीव हरखतो, ती बहुतेक मास्डेव्हॅलिया, ड्रॅक्युला आणि लेपँथिसची असतात. ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरच्या ढगाळ जंगलातली झाडं. रात्री 12-15 अंश आणि दिवसा पंचविशीच्या आत, हे पेटीला थंड करणारं यंत्र लावल्याशिवाय पुण्या-मुंबईत जमत नाही. मे महिन्यात ती डोळ्यांदेखत जातात. पहिल्या पेटीत नकोच.

उष्णता सोसणारी आणि नवशिक्याला माफ करणारी झाडं वेगळी आहेत. सगळ्यात आधी तैवानचं गॅस्ट्रोकायलस रेट्रोकॅलस. विक्रेते त्याला अजून हॅरेला म्हणतात. दोन इंची झाड, पिवळ्या पाकळ्या, मधे तपकिरी मखमली ओठ, फूल मधमाशीसारखं दिसतं आणि त्याला लिंबासारखा वास असतो. ते लहान असतानाच फुलतं आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलतं. पूर्व हिमालयापासून पुढे पसरलेलं फॅलेनॉप्सिस लोबाय हे दुसरं. त्याला थंडीत पाणी थोडं कमी द्यावं लागतं. मण्यांच्या माळेसारखे कंद पसरवणारं बल्बोफायलम मोनिलिफॉर्म लाकडावर चटई करतं. स्पेक्लिनिया ग्रोबाय मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत आढळतं, त्यामुळे त्याची सवय लवचीक आहे. तळाच्या कमी उजेडात मॅकोडीस पेटोला लावा. त्याच्या पानांवरच्या सोनेरी शिरा टॉर्चच्या उजेडात चमकतात, फुलांची वाटसुद्धा पाहावी लागत नाही. पहिल्या वर्षी पाच-सहा झाडं पुरेत.

आपल्या सह्याद्रीतली छोटी ऑर्किड का नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. एक तर त्यांतली बरीच पावसाळ्यानंतर पानं गाळून महिनोन्महिने कोरडी झोपतात. पोरपॅक्सचे चपटे कंद किंवा डेंड्रोबियम बार्बाट्युलमच्या निष्पर्ण काड्या हिवाळ्यात पाहिल्या की हे लक्षात येतं. कायम दमट पेटीत ती विश्रांती मिळत नाही आणि कंद कुजतो. सीतेची वेणी तर आकारानेच पेटीत मावत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: राखीव वनातून झाड काढणं हा भारतीय वन अधिनियम 1927 नुसार गुन्हा आहे, आणि पडलेल्या फांदीवरचं ऑर्किड ‘वाचवून’ घरी आणलं तरी ते बहुधा घरी मरतं. ते शेजारच्या झाडाच्या खोडावर बांधून यावं. परदेशातून ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, सगळीच ऑर्किड साइटिस या वन्य वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत. सिक्कीम, कालिम्पाँग, केरळ इथल्या रोपवाटिका स्वतः वाढवलेली रोपं कुरियरने पाठवतात. बिल मागा आणि रोप जंगलातून आणलेलं नाही ना, हे सरळ विचारा. तुटक मुळं, फाटकी जुनी पानं आणि सालीचा चिकटलेला तुकडा दिसला तर ते झाड जंगलातलंच समजा.

आलेलं झाड लगेच पेटीत नको. तीन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा. पहिल्या दिवशी अर्धा तास साध्या पाण्यात पूर्ण बुडवा, म्हणजे लपलेल्या गोगलगाई वर येतात.

बांधणी

लाकूड म्हणून मत्स्यालयाचं ड्रिफ्टवुड सगळ्यात टिकतं. आठवडाभर भिजवून, पाणी तपकिरी व्हायचं थांबलं की वापरा. आंब्याची किंवा जांभळाची साल असलेली वाळकी फांदीही चालते, पण पेटीत ती दीड-दोन वर्षांतच भुसभुशीत होते.

स्फॅग्नम मॉस वीस मिनिटं भिजवून घट्ट पिळा. झाडाच्या मुळांखाली त्याची अर्ध्या सेंटिमीटरची पातळ गादी ठेवा. मुळांवर पांघरूण घालू नका. मुळं पसरून, बारीक तंगूसने तीन-चार वेढे द्या. तंगूस कंदाच्या आणि जुन्या मुळांवरून जाऊ दे, मुळाच्या हिरव्या टोकावरून नको. बांधून झाल्यावर लाकूड हलवून पाहा. झाड डुलत असेल तर पुन्हा बांधा. कारण मुळाचं कोवळं टोक लाकडावर घासलं की तिथेच वाढ थांबते आणि झाड सहा महिने रुजतच नाही. आकड्यासाठी स्टीलची तार वापरा. तांब्याची तार या झाडांना बाधते.

फॅलेनॉप्सिस आणि गॅस्ट्रोकायलससारखी झाडं तोंड किंचित खाली झुकवून बांधा, म्हणजे पोंग्यात पाणी साचणार नाही. नवी मुळं फुटू लागली असतील तो बांधणीचा सर्वांत चांगला काळ.

पाणी आणि खत

पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 100 च्या आत हवा. बोअरचं पाणी वापरलं की महिनाभरात मुळांच्या टोकांवर पांढरी पुटं धरतात आणि टोकं जळतात. घरच्या आरओचं पाणी टीडीएस मीटरने मोजून वापरा. पावसाचं पाणी सर्वोत्तम, फक्त पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या. एसीच्या नळीचं पाणी नको. ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून आलेलं असतं.

पाणी सकाळी द्या, दिवा लागल्यानंतर तासाभरात. दोन लिटरचा दाबाचा पंप घेऊन लाकूड आणि मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत फवारा, नुसतं धुकं उडवून थांबू नका. मग दुपारी पाहा. मुळं पांढरी झाली असतील तर उद्या पुन्हा फवारा. संध्याकाळपर्यंत हिरवीच असतील तर उद्याची पाळी चुकवा. किंवा मॉसची गादी जाड झाली आहे, ती पातळ करा. संध्याकाळी फवारणी नाही.

खत म्हणून 19:19:19 हे विद्राव्य खत दर लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून. महिन्यातून एका आठवड्याला खत नाही. त्या दिवशी प्रत्येक तुकडा बाहेर काढून साध्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात.

काय बिघडतं आणि का

पुढची काच सकाळी तासभर धुरकट असणं ठीक. दिवसभर थेंब ओघळत असतील तर जाळी अपुरी आहे किंवा पंखा थांबला आहे.

पोंग्यातलं पान हाताला लागताच सुटून आलं आणि बुडाशी पाणचट तपकिरी असेल तर ती कुज आहे. पावसाळ्यात ती दोन दिवसांत झाड खाते. तुकडा लगेच बाहेर काढा, ब्लेड गॅसवर तापवून निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत कापा, कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड दाबा आणि तीन दिवस पाणी देऊ नका. दालचिनी मुळांवर पडू देऊ नका, ती त्यांना सुकवते.

नवी पानं पंख्यासारख्या चुण्या पडून निघाली तर वाढीच्या काळात पाणी कमी पडलं होतं. त्या चुण्या सरळ होत नाहीत, पुढचं पान नीट येतं का ते पाहायचं. मॉसवर निळसर-हिरवा बुळबुळीत थर आला तर पाणी आणि खत दोन्ही जास्त होतंय. तो मॉस काढून टाका.

मुळांची कोवळी टोकं रात्रीतून कुरतडलेली दिसली तर बारक्या गोगलगाई आहेत. रात्री काकडीचा काप आत ठेवा आणि पहाटे त्याच्यावर बसलेल्यांसकट उचला, असं सलग आठ दिवस. पानांच्या बेचक्यातला पिठ्या ढेकूण 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने टिपा आणि दर पाच दिवसांनी पुन्हा तपासा, कारण अंडी पहिल्या खेपेत मरत नाहीत. मॉसमध्ये उड्या मारणारे दीड मिलिमीटरचे पांढरे किडे दिसले तर त्यांना राहू द्या. ते स्प्रिंगटेल, बुरशी खातात.

उन्हाळा, पावसाळा आणि गणपती

मार्च ते मे, दिवा दहाच तास ठेवा आणि त्याची वेळ पहाटे 4 ते दुपारी 2 अशी ओढा, म्हणजे दिव्याची उष्णता दुपारच्या उष्णतेत भर घालणार नाही. आत 33 च्या वर जात असेल तर झाकणाची एक काच काढून तिथे जाळी ठेवा आणि फवारणी वाढवा. विदर्भ-मराठवाड्यात कूलर असलेल्या खोलीत पेटी ठेवली तर दोन्ही प्रश्न सुटतात, कारण कूलरची हवा गार असते आणि ओलीही. जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, उलटं करायचं: एक काच पूर्ण काढा, तिथेही डासांची जाळी लावा आणि फवारणी एक दिवसाआड किंवा त्याहून कमी. वीज गेली तर पंखा थांबतो. तासाभराहून जास्त गेली तर दोन्ही काचा सरकवून ठेवा.

गणपतीला आठ दिवस गावी जायचं असेल तर निघण्यापूर्वी भरपूर पाणी देऊन जाण्याची चूक करू नका. आदल्या सकाळी नेहमीइतकंच फवारा. तळातलं पाणी जाळीखाली एक इंचावर आणून ठेवा. टायमर 8 तासांवर आणा. मागच्या जाळीचा अर्धा भाग प्लास्टिकच्या पट्टीने झाका आणि पंखा चालू राहू द्या. आठ दिवस एवढ्यावर निभावतात. परतल्यावर आधी झाकण उघडून मुळांचा रंग पाहा, मग पंप हातात घ्या.